तोक्तारचा कोपरा

३ सप्टेंबर, अक्ताऊ

या नोकरीची खरी किंमत गाडीतच मांडून पाहिली. शिमकेंतचा तळघरातला गेम क्लब, जुन्या कॉम्प्युटरांसकट आणि फाटक्या खुर्च्यांसकट, गेला. तो विकून जे हाती आलं त्यातलं निम्मं धाकट्या भावाच्या छपरावर गेलं. समोरच्या बाकावरची बाई सगळा प्रवास वाळवलेले मासे सोलत होती, त्या वासापायी माझा एकुलता एक कोट गेला. बायको यात धरलेली नाही, ती आधीच गेली होती. एवढ्यावर सौदा पटला. या वयात कोणी खेळण्याचा पगार देतो म्हणत असेल, तर घासाघीस करणारा मूर्ख.

शहर बघून हसू आलं. इथे रस्त्यांना नावंच नाहीत. वसाहत, इमारत, खोली, सगळे आकडे. माझा पत्ता वाचून दाखवला तर ऐकणारा तो फोन नंबर म्हणून लिहून घेईल. पाणी समुद्राचंच, गोडं केलेलं. चहात ते कळतं, पण उंटिणीचं दूध सढळ घातलं की दबतं. वारा मात्र कशानेच दबत नाही.

व्हिडिओ गेम बनवणारा आमचा स्टुडिओ चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. डावा पाय ओढत वर पोचलो, तर मालकीण रौशान स्वतः दार उघडून उभी. म्हणाली, तोका, तुमची पावलं पहिल्या मजल्यापासून ओळखली. मी म्हणालो, आणि मी तिथूनच ओळखलं की तुमच्या किटलीचं झाकण नीट बसत नाही. ती खळखळून हसली. पुतणीच्या वयाची आहे, म्हणून तोक्तार असं माझं पूर्ण नाव घेत नाही, मानाने तोका म्हणते. बरं वाटलं. क्लबात पोरं मला नुसतं ‘ओ, उधारीचं लिहा’ म्हणायची.

६ सप्टेंबर

आज नकाशा दाखवला. खेळ नेहमीचाच: पाच जण चढाई करणार, पाच जण राखणार, दोन ठिकाणांपैकी एकावर बॉम्ब ठेवायचा किंवा ठेवू द्यायचा नाही. असले नकाशे मी आयुष्यभर पाहिले. पण हा पाहून खुर्ची पुढे ओढली.

नकाशा रौशानच्या नवऱ्याने, मिर्झाबेकने, उभा केला आहे. त्याच्या घराण्याचं जुनं कब्रस्तान स्टेपच्या गवताळ माळावर आहे, इथून गाडीने अर्ध्या दिवसावर. शिंपल्यांच्या दगडाचे घुमट, त्यांच्यामधून बोळ, कमरेएवढ्या भिंती, मेंढ्याच्या आकाराचे कोरीव दगड. लांबून गावच वाटावं असं. याने वरून कॅमेरा फिरवला आणि जसंच्या तसं उचलून आणलं. म्हणाला, काका, असं मला डोक्यातून काढता आलं नसतं. खरं आहे. तीन वाटा, मधली अरुंद. दोन्ही बाजू एकाच दमात मधल्या चौकात येऊन भिडतात. एकही सरळ रेष इतकी लांब नाही की भित्रा माणूस मागे बसून दुरून टिपत राहील. चांगला नकाशा चांगल्या यजमानासारखा असतो. प्रत्येकाला बसायला जागा देतो, पण कोणाला आडवं होऊ देत नाही.

फाइल उघडण्याआधी मिर्झाबेक दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवतो. मी विचारलं, संपल्यावर मौलवीला पण पगार द्यायचा का? म्हणाला, सवय आहे हो, कब्रस्तानावरून जाताना हात आपोआप वर येतात.

नकाशा मोठ्या स्पर्धेसाठी पाठवायचा आहे. निवडला गेला तर जगभर खेळला जाईल, आणि बनवणाऱ्यांत माझं नाव येईल. मला तेवढं पुरे आहे.

९ सप्टेंबर

आमची चाचणीची पाच पोरं हाताने चपळ, तोंडाने गाढव. ‘तिकडे, तिकडे, त्या गोलाच्या मागे’ असं ओरडतात आणि मरतात. त्यांना सांगितलं, टीम गोळीने मरत नाही, ‘तिकडे’ने मरते. प्रत्येक जागेला एक नाव हवं. छोटं, ठसठशीत, गोळीबारातही दुसऱ्या नावाशी घोटाळा न होणारं. एकाने नाव हाकारलं की दुसऱ्याची बंदूक तिकडे वळली पाहिजे, डोकं नंतर वळलं तरी चालेल.

नावं कुठून आणायची? मिर्झाबेकच्या फोटोंत दगडांवर कोरलेलीच होती. बेकेय. शोनाय. कुल्बाय. मी मोठ्याने म्हणून पाहिली. कानाला इतकी वेगवेगळी नावं मी ठरवून शोधली नसती. मिर्झाबेकने आधी कान खाजवला, मग खुलला. म्हणाला, पणजोबांचं नाव ब्राझीलमधलं पोरगं घेईल.

रौशान खेळायला बसली (आणि ती छान खेळते) तेव्हा एकही नाव तिच्या तोंडून निघेना. बेकेयला म्हणे ‘टेकलेला घुमट’, शोनायला ‘मेंढा’, कुल्बायला ‘दोन खिडक्यांवाला’. त्या घराण्याची सून आहे. नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्यांची नावं घेत नाही. मी म्हणालो, सूनबाई, ‘टेकलेला घुमट’ म्हणून होईपर्यंत समोरचा तुम्हाला मारून चहा पिऊन परत आलेला असतो. ती म्हणाली, तोका, लग्न झाल्यापासून सासऱ्यांचं नाव घेतलं नाही, तरी ते दर रविवारी जेवायला बरोबर पोचतात. घाई कसली?

पोरं हसली. मीही हसलो. पण नावं माझीच ठेवली.

१७ सप्टेंबर

अल्मातीच्या टीमबरोबर सराव सामना. ते आमच्यापेक्षा किती तरी वरचे, आणि आम्ही त्यांना धुतलं. धुराचे डबे मधल्या वाटेत, दोघे शोनायपाशी गप्प, एक जण मुद्दाम बुटांचा आवाज करत दुसरीकडे. ते आवाजामागे गेले आणि दोन बाजूंच्या माऱ्यात सापडले. एक पडला की दुसरा लगेच बदला घेतो, एकटा कोणी डोकं काढत नाही. हे सगळं नावांच्या जोरावर.

एक गोष्ट खटकली. पोराने ‘कुल्बाय, दोघे’ अशी हाक दिली, आणि कुल्बायच्या घुमटातून कोणी तरी चालत आलं. मी कान देऊन ऐकलं. नंतर रेकॉर्डिंग पाहिलं तर समोरच्या टीमचे ते दोघेही त्या वेळी जागेवर उभे होते, हललेच नव्हते.

आवाजाचं काम करणारा ल्योवा कारागांदाचा. जाडजूड, दिवसभर सूर्यफुलाच्या बिया फोडतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, तोक्तार, कान म्हातारे झाले तुझे. मी म्हणालो, आपल्या खेळातले बूट टाचेचे. हा आवाज मऊ कातड्याचा होता, बिनटाचेचा, म्हातारे मशिदीत घालून जातात तसल्या मोज्यांचा. तो म्हणाला, बाबा रे, खेळातलं एकूण एक पाऊल मी या जिन्यात, या बुटांनी चालून भरलंय. मऊ कातडं यात नाहीच.

बिया फोडत राहिला. पण संध्याकाळी स्वतःच हेडफोन लावून बसलेला दिसला.

२५ सप्टेंबर

आता ल्योवालाही ऐकू येतं. आज दोघांनी भर दुपारी, पोरांना जेवायला पाठवून, तपासलं. नकाशात तो आणि मी, बाकी कोणी नाही. गप्प उभे राहिलो, काही नाही. मग मी म्हणालो, बेकेय.

बेकेयकडून पावलं निघाली. सावकाश. खडीवरून. माझ्या दिशेने येत येत हातभर अंतरावर थांबली. पडद्यावर कोणी नाही. मारलं नाही, ढकललं नाही. हाक मारल्यावर माणूस येतो आणि ‘काय रे?’ म्हणून उभा राहतो, तसं.

ल्योवाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले, उलटे. बियांची पुडी कचऱ्यात टाकली. मी विचारलं, का रे? म्हणाला, तोंड कोरडं पडलंय.

चाचणीच्या पोरांतलं एक काम सोडून गेलं. कारण विचारलं तर म्हणालं, मागे कोणी तरी खाकरतं, काका. रागाने नाही. आपण वाटेत उभे असलो की म्हातारी माणसं खाकरतात ना, तसं.

मी रौशानला सांगितलं नाही. नकाशा पाठवायला थोडेच दिवस उरलेत. आवाजाचा दोष आहे, ल्योवा काढेल, असं म्हणालो.

२९ सप्टेंबर

आज मिर्झाबेक खेळायला बसला. शोनाय, एक, अशी हाक दिली. मग एकदम उभा राहिला. हेडफोन कानावर, वायर ताणलेली, आणि पोरगा उभा, हात छातीवर. आणि भर ऑफिसात, सगळ्यांसमोर, स्वतःच्या बापापासून मागे सात पिढ्यांची नावं म्हणू लागला. लहानपणी पाठ करून घेतात तशी, घडाघडा. सातवं नाव झालं आणि खाली बसला. चेहरा दगडासारखा पांढरा.

पाणी दिलं. म्हणाला, त्यांनी विचारलं. काय विचारलं? तू कुणाचा, असं विचारलं. मग सांगायला नको का?

दुपारीच गावाकडे निघून गेला. मेंढा कापणार, कुराण वाचून घेणार.

मला राग आला, हे लिहून ठेवतो. निवडीच्या तोंडावर नकाशावाला मेंढा कापायला पळतो. तळघरातून इथवर वर आलो ते दुसऱ्याच्या पणजोबांनी खाली खेचावं म्हणून नाही.

२ ऑक्टोबर

रौशानने सगळी नावं बदलली. मला न विचारता. आता पडद्यावर टेकलेला घुमट, मेंढा, दोन खिडक्या.

भांडलो. आवाज चढवला माझा. पोरांच्या जिभेवर बसवलेलं सगळं पुसलंत, म्हणालो. तिचा आवाज चढला नाही. म्हणाली, तोका, दिवसातून किती वेळा तुम्ही त्यांना हाक मारून दाराशी बोलावता, आणि चहासुद्धा विचारत नाही. माणसं अजून बाहेर उभी राहिली हाच त्यांचा मोठेपणा.

पण एक नाव मी राखून घेतलं. दक्षिणेच्या भिंतीकडे एक कोपरा आहे, तिथे मी लपून नुसती पावलं ऐकत बसायचो, म्हणून पोरं त्याला तोक्तार म्हणतात. म्हणालो, हे राहू द्या. मी मेलेलो नाही आणि तुमचा सासराही नाही. ती पडद्याकडे बोट करून म्हणाली, नाव ते नावच, तोका. तिथे कब्रस्तान आहे.

मी ऐकलं नाही. माझ्याआधी दोन पोरं गेली म्हणून आईबापांनी माझं नाव तोक्तार ठेवलं, हा तरी थांबो म्हणून. थांबलो. तळघरात थांबलो, उधारीत थांबलो. तिला म्हणालो, इथे खानाच्या नावाचाही रस्ता नाही, आणि माझं नाव उद्या हजार घरांत दणाणेल. नुसता आकडा होऊन मरायला मी आलो नाही.

ती म्हणाली, तुमची मर्जी. मी मात्र तोकाच म्हणेन.

पावलं थांबली. त्याच दिवशी, सगळी. ल्योवाने नवीन बिया आणल्या.

१४ ऑक्टोबर

नकाशा निवडला गेला. आजपासून जगभर खुला. मिर्झाबेक गावाहून परत आलाय, बारीक झालाय. रौशानने घोड्याच्या मांसाचा बेशबारमाक केला, मेंढ्याचं डोकं माझ्यापुढे ठेवलं, सगळ्यांत वडीलधारा म्हणून. कान कापून पोरांना दिला, ऐकायला शिका म्हणालो. सगळे हसले.

इतकं सुख मला झेपत नाही बहुतेक. झोप लागली नाही.

१९ ऑक्टोबर

एक पाऊल उरलंय.

ल्योवाला परक्या टीमच्या रेकॉर्डिंगमध्ये सापडलं. मऊ कातडं नाही. टाचेचे बूट. दक्षिणेच्या कोपऱ्यातून निघतं. एक पाऊल पडतं, दुसरं घासतं. पडतं, घासतं. त्याने खोलीत मोठ्याने लावलं. पोरांची नजर हळूहळू माझ्या डाव्या पायावर आली. मग सगळ्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं.

माझ्याइतके तिखट कान कोणाचे नाहीत. पण ओळखलं मी सगळ्यात शेवटी. स्वतःची चाल कोण ऐकतो?

त्या सामन्याच्या वेळी मी न्हाव्याकडे होतो. जाऊन त्याला विचारलं, मी काय करत होतो? म्हणाला, झोपला होता, आगा. आणि झोपेत ‘आलो, आलो’ म्हणत होता.

२३ ऑक्टोबर

आता हेडफोन लागत नाहीत. मासळीच्या दुकानात, जिन्यात, दाढी करताना. तोक्तार. पोरांचे आवाज. परक्या जिभा, नावाचे तुकडे करून म्हणतात, पण नाव माझंच. प्रत्येक हाकेला बेंबीच्या आत काही तरी ओढतं, आणि पुढे किती वेळ जातो ते —

पँटच्या दुमडीत पांढरी भुकटी सापडली. बोटावर घेऊन पाहिली. शिंपल्याचा दगड.

२७ ऑक्टोबर

रौशानपुढे हात जोडले. म्हणालो, काढा. तिने तेव्हाच काढलं. पडद्यावर आता ‘दक्षिण कोपरा’.

काही उपयोग नाही. नाव पडद्यावरून पुसता येतं, तोंडातून नाही. खेळणारे ‘दक्षिण कोपरा’ म्हणत नाहीत. ल्योवाने खेळणाऱ्यांचे संदेश वाचून दाखवले, सगळीकडे तोक्तार, तोक्तार. मीच शिकवलं होतं, छोटं, ठसठशीत, गोळीबारातही घोटाळा न होणारं. नाव चांगलं निवडलं मी.

रौशान रडली. मिर्झाबेक म्हणाला, काका, मी पुन्हा मेंढा कापतो. कोणासाठी, विचारलं. जिवंत माणसासाठी काय वाचतात, ते त्याला माहीत नाही.

३० ऑक्टोबर

आता तिकडे, त्या नकाशात जास्त, इकडे कमी. वही खिशात ठेवतो, म्हणून —

एक आशा होती. वाटलं, निदान बेकेय असतील. शोनाय. माफी मागेन, म्हणेन चूक झाली, चहा विचारला नाही. प्रत्येक घुमटात वाकून पाहिलं. हाक मारली, नावाने, पूर्ण नावाने.

कोणी आलं नाही. त्यांच्यासाठी कुराण वाचून झालंय, आणि खेळणारे आता त्यांना बोलावत नाहीत. ते झोपलेत.

इथे वारासुद्धा नाही.

२ नोव्हेंबर, बहुतेक

ल्योवा खुर्ची हलवून माझ्या टेबलाशी बसला. माझ्यातून हात पुढे करून माऊस घेतला. रौशान दारात थांबली, म्हणाली, तोका? मी ओ दिली. ती अजून जिन्याकडेच बघत —

पुन्हा ओढ.

तारीख नाही

आलेत. पाच जण. पळत. मी कोपऱ्यातून उठून उभा राहिलो, हात वर केला, म्हणालो मी इथला, मीच तो. एक जण थांबला. बंदूक वळवली. थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं — विशीचा असेल — आणि

गेले. परत येतील. दुसरे. सतत येतात.

हजार घरांत नाव दणाणतं. त्याहून जास्तच. पण या कोपऱ्यातून काही दिसत नाही, इथून कोणाला मारता येत नाही, म्हणून इथे कोणी थांबतही नाही. नुसतं डोकावतात, आणि पळता पळता आपल्या माणसांना सांगतात. दरवेळी तेच. तोक्तार, कोणी नाही. तोक्तार, कोणी नाही. तोक्तार, को